दोन टोले, थांबा, एक टोला

“वहिनी, सोपं म्हणजे नेमकं काय हो?”

धनराजभाऊजींनी हे विचारलं तेव्हा माझे दोन्ही हात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठात होते आणि चुलीवर तवा तापला होता. भाऊजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसले होते. मांडीवर गिटार, केस कपाळावर, आणि थंडीचे दिवस असून अंगात नुसता बनियन. उंबऱ्यात बसू नये हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांना सांगत होते.

“सोपं म्हणजे,” मी म्हटलं, “जे भाकरी थापता थापता म्हणता येतं आणि भाकरी करपत नाही, ते.”

“आणि माझी गाणी?”

“तुमची गाणी लागली की तवा खाली उतरवून ठेवावा लागतो. जीव घाबरा होतो माझा.”

त्यांना राग आला नाही. राग त्यांना यायचाच नाही, तीच तर पंचाईत होती. उलट मान डोलावून म्हणाले, “बरोबर आहे. मग आता तुम्हीच परीक्षक. मी एकेक गाणं करून आणतो, तुम्ही भाकऱ्या करत ऐका. भाकरी करपली की गाणं नापास.”

“आणि घरच्यांनी काय करपलेल्या भाकरी खायच्या?”

“नापास झालेल्या मी खाईन.”

धनराज म्हणजे माझे धाकटे दीर. आमचं गाव सावद्याच्या बाजूला, घरची केळीची शेती, माणसं कष्टाळू आणि अबोल. मी या घरात आले तेव्हा सासूबाई नव्हत्या आणि सासरे, म्हणजे आबा, तेही आधीच गेलेले. उरले दोघे भाऊ. थोरले आमचे हे, ओंकारराव. दिवसाला पाच-सहा वाक्यं बोलणार, त्यातली बहुतेक केळीबद्दल. मी नवी नवरी, माहेरच्या आठवणीने कोपऱ्यात मुसमुसत बसले होते, तर हे भाऊजी समोर येऊन बसले आणि म्हणाले, “वहिनी, आगगाडीच्या आवाजाचा रंग कोणता हो?” मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, काळा. तर म्हणाले, “चूक. पण उत्तर दिलंत हेच लय झालं. दादाला विचारलं तर तो उठून मोटार चालू करायला गेला.” मला हसू फुटलं. त्या घरात मला पहिल्यांदा हसवलं ते या माणसाने. हे मी कधी विसरले नाही, आणि म्हणूनच त्यांचं सगळं सोसलं.

सोसलं म्हणजे काय, ते सांगते.

कॉलेजला असताना भाऊजी भुसावळला एका म्हाताऱ्या अँग्लो-इंडियन बाईंकडे खोली घेऊन राहायचे. बाईंच्या मालकांनी जमवलेल्या जुन्या तबकड्या होत्या, अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्यांच्या. ब्लूज म्हणतात म्हणे त्याला. बाई लेकीकडे ऑस्ट्रेलियाला निघाल्या तेव्हा तबकड्या आणि मालकांची गिटार भाऊजींना देऊन गेल्या. मला त्यांनी समजावलं होतं, “वहिनी, जात्यावर बसलं की बायका पोटातलं ओठावर आणतात ना, तसंच हे. त्यांच्याकडे जातं नव्हतं, कापसाचं शेत होतं, एवढाच फरक.” हे मला पटलं होतं. कापूस वेचताना कंबर कशी धरते ते मला कुणी सांगायला नको होतं.

पण त्या गाण्यांचं पुढे भाऊजींनी जे करून ठेवलं, ते देवाला तरी कळलं असेल का, शंकाच आहे. घड कापायच्या कोयत्याची पाठ ते गिटारच्या तारांवर घासायचे. गाताना आवाज असा लावायचे, की विहिरीत म्हैस पडली आहे आणि तिला तिकडून काहीतरी सांगायचं आहे. शब्द अर्धे गिळलेले, अर्धे लोळत बाहेर आलेले. केळी पिकवायची आमची जुनी खोली होती, जाड मातीच्या भिंतींची. तिच्यात ही सगळी साधना चालायची. त्या खोलीतली केळी बाकीच्यांपेक्षा लवकर पिकायची, असं गावात लोक हसून सांगत. मी म्हणायचे, पिकणार नाहीत तर काय करतील, त्यांनाही सुटका हवी असेल.

सोबत ड्रम वाजवायला रमजान तडवी. सातपुड्याच्या पायथ्याचा, हाताने चपळ, मनाने सरळ माणूस. आणखी एक गिटारवाला होता, तो पहिल्याच उन्हाळ्यात पळाला. रमजान टिकला, पण कुरकुरत. चहाला स्वयंपाकघरात आला की त्याचं एकच रडगाणं.

“वहिनी, तुम्ही तरी सांगा यांना. दोन टोले मारायचे, मग थांबायचं, मग एक टोला, मग टांगलेल्या पत्र्यावर ब्रश ओढायचा, खर्र. हा काय ठेका झाला का? लग्नात वाजवला तर नवरदेवाचा घोडा खाली बसून घेईल.”

“मग वाजवता कशाला?”

“न वाजवून सांगता कुणाला? एक टोला इकडचा तिकडे झाला की पुन्हा पहिल्यापासून. दोन वर्षं झाली. बायको म्हणते, झोपेतसुद्धा पाय तसाच आपटून राहिले तुम्ही.”

मी भाऊजींना विचारलं, “कुठून आणला हो हा लंगडा ठेका?”

“आणला नाही, तसाच येतो तो,” ते म्हणाले. “सरळ करायला गेलं की मरतो.”

तर त्या लंगड्या ठेक्यावर त्यांनी एक कॅसेट काढली होती, ‘मुंगी चढली तारेवर’. गावात पानटपरीवाल्याने एकदाच लावली, आणि टपरीवरची माणसं उधारी विसरल्यासारखी पांगली. पण पुण्या-मुंबईची दाढीवाली पोरं अधूनमधून हुडकत यायची, भाऊजींच्या पाया पडायची. एकाने तर त्या खोलीतली माती पुडीत बांधून नेली. मी म्हटलं, बाबा रे, केळी पण ने.

त्याच कॅसेटमुळे कारखानीस म्हणून एक गृहस्थ मुंबईहून आले. लहानशा कॅसेट कंपनीत होते. माणूस सभ्य, बोलायला मोकळा. ओसरीवर बसून म्हणाले, “धनराजराव, मला तुमची मुंगी फार आवडते. पण आमच्या अख्ख्या कंपनीत ती मला आणि वॉचमनला आवडते. वॉचमन ती रात्री जागं राहायला लावतो. एक कॅसेट अशी करा, की लोकांना गुणगुणता येईल. तिच्या आधाराने मी तुमची पुढची हवी तशी काढून देतो. नाहीतर मला पुन्हा यायला मिळेल असं वाटत नाही.”

भाऊजी मान हलवत होते. आमचे हे दारात उभे राहून ऐकत होते. कारखानीस गेले आणि संध्याकाळी जेवताना ह्यांनी घास खाली ठेवला.

“धन्या, मी तुला कधी अडवलं?”

“नाही, दादा.”

“आज बोलतो. तिशी उलटून गेली तुझी. बंद खोलीत बसून तू काय करून राहिला, मला कळत नाही. लोक विचारतात, मी सांगू काय? भरिताच्या दिवशी सगळे भाऊबंद शेतात येतील. त्या मुंबईवाल्यालाही बोलाव. तू वाजव. लोक शेवटपर्यंत बसले, तर तू तुझ्या वाटेने जा, मी हूं की चूं करणार नाही. मध्येच उठले, तर गिटार माळ्यावर, आणि दुसऱ्या दिवसापासून सावद्याच्या केळी विकणाऱ्या ग्रुपच्या ऑफिसात नोकरीला.”

ह्यांना एका दमात इतकं बोलताना मी लग्नात सुद्धा ऐकलं नव्हतं.

“जमेल, दादा,” भाऊजी म्हणाले, आणि भाकरीचा तुकडा मोडला.

मला मात्र ती अट आवडली नाही. आता तुम्ही म्हणाल, गाणी आवडत नव्हती ना, मग सुटलात की. पण मला दिसत होतं पुढचं. गिटार ज्या शिडीने माळ्यावर जाणार, त्याच शिडीने तो आगगाडीचा रंग विचारणारा माणूस पण वर जाणार होता. खाली उरणार कोण, तर ऑफिसातून येऊन निमूट जेवणारा आणखी एक ओंकारराव. मला एक पुरेसा होता.

म्हणून मी परीक्षक झाले, आणि मन लावून झाले.

पहिली चार गाणी नापास झाली. भाऊजींनी करपलेल्या भाकरी दुधात कुस्करून खाल्ल्या. मग एके दिवशी ते आणि रमजान दोघेही आले. रमजानचा चेहरा फुललेला. “वहिनी, सरळ ठेका दिला यांनी. देवा, हात मोकळे झाले माझे.” त्याने डबा उपडा घातला आणि धरला एकसारखा ठेका, आपल्या बँडवाल्यांचा असतो तसा. भाऊजी गायला लागले. आवाजसुद्धा घासूनपुसून आणलेला.

पात हिरवी, मिरची हिरवी,
हिरवं अवघं रान,
बस जरा, बाप्पा, बस जरा,
मांडलं आहे पान.

भरिताच्या दिवसासाठीच केलेलं गाणं. चाल सोपी, दुसऱ्या वेळेला मीही गुणगुणले. भाकरी टम्म फुगली.

“पास?” भाऊजींनी विचारलं.

“पास,” मी म्हटलं.

पण ते माझ्याकडे बघतच राहिले. मला खोटं बोलता येत नाही, चेहऱ्यावर उमटतं सगळं. शेवटी मी म्हटलं, “गुणगुणता येतं, भाऊजी. पण मीठ नाही. हे कुणी पण म्हणेल.”

“लोकांना मीठ नकोच आहे, वहिनी. त्यांना बसायचंय,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज ह्यांच्यासारखा वाटला मला.

भरिताचा दिवस आला. आमच्याकडे हिवाळ्यात शेतात भरीत करतात, आणि ते बायकांनी नाही करायचं, पुरुषांनी. बायकांनी झाडाखाली बसून नावं ठेवायची. वर्षातला मला सगळ्यात आवडणारा सण. बांधावर कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ केला होता आणि त्यात हाताएवढी हिरवी वांगी भाजत होती. धूर, लसूण, कांद्याची पात. विहिरीपाशी चिंचेखाली सतरंज्या टाकल्या होत्या, पन्नासेक माणूस जमलं होतं. समोर रमजानचे ड्रम, भाऊजींची गिटार, आणि बाजूला टेपरेकॉर्डर घेऊन कारखानीस. भाऊजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांना त्या शर्टात बघून मला कसंतरीच झालं.

त्यांनी वाजवायला सुरुवात केली. वाईट वाजवलं असं नाही. लोकांनी माना पण हलवल्या. दुसऱ्या गाण्यानंतर कुणीतरी म्हणालं, “छान आहे, पण सिनेमातलं येतं का एखादं?” तिसऱ्याला गप्पा सुरू झाल्या. ‘पात हिरवी’ लागलं तेव्हा वांग्यांची सालं काढून झाली होती, फोडणीचा वास सुटला होता, आणि एक म्हणता म्हणता दहा माणसं उठून जाळापाशी गेली. मग वीस. सतरंजीवर पोरंबाळं आणि म्हातारी तेवढी राहिली. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे जमिनीकडे बघत होते. जिंकल्याचा आनंद काही दिसला नाही मला त्या तोंडावर.

कारखानीसांनी हळूच टेपरेकॉर्डरचं बटण दाबून बंद केलं. भाऊजींनी गाणं मध्येच सोडलं आणि गिटार झाडाला टेकवून ठेवली. कुणाच्या लक्षात पण आलं नाही, की गाणं थांबलंय.

तिकडे जाळापाशी वेगळाच घोळ. आमच्याकडे भरीत ठेचतात ते बडगीत. बडगी म्हणजे जाड लाकडाचं खोल भांडं, आणि त्यात लाकडी मुसळ. दरवर्षी ठेचणारा आमचा सालदार गडी, त्याच्या अंगठ्याला कोयता लागला होता. बाकीचे एकमेकांकडे बघत होते, कारण पन्नास माणसांचं भरीत ठेचणं म्हणजे दंड भरून येतात. रमजान बिचारा रिकामा उभा होता, पडलेल्या चेहऱ्याने. तो पुढे झाला. “आणा इकडे. वाजवायचं नाही तर ठेचायचं तरी.”

त्याने मुसळ घेतलं आणि बडगीपुढे बसला. मन त्याचं दुसरीकडे, नजर खाली. आणि त्याचे हात आपसूक चालायला लागले. ठप, ठप. मग थांबला. ठप. मग मुसळ काखेत धरून हाताने बडगीच्या कडेचं खाली ओढलं, खर्र. पुन्हा ठप, ठप. थांबला. दोन वर्षं त्याच्या हातांना दुसरं काही शिकवलंच नव्हतं कुणी.

माझ्या शेजारी खाटेवर तोतारामकाका बसले होते, सासऱ्यांचे चुलतभाऊ. मोतीबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. ते गुडघ्यावर हात ठेवून डुलक्या घेत होते. एकदम ताठ झाले.

“सूनबाई, कोण ठेचून राहिलं?”

“रमजान आहे, काका. भाऊजींचा ड्रमवाला.”

“थट्टा करते का म्हाताऱ्याची? हा आबाचा हात आहे.”

मला काही समजेना. आबांना मी फोटोतच बघितलेलं. “आबा कसे येतील, काका?”

“ते मला नको सांगू. ऐक ना.” काकांनी माझा हात धरून गप्प केलं. “लकवा झाला होता त्याला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली, बोललेलं निम्मं कळायचं नाही. पण भरीत दुसऱ्याच्या हातचं खाईल तर शपथ. एकट्या डाव्या हाताने ठेचायचा. दोन टोल्यांत दम जायचा. मग मुसळ खांद्याला टेकवून श्वास घ्यायचा. मग एक टोला. मग मुसळ काखेत धरून त्याच हाताने कडा खरवडायच्या. पाच हिवाळे ठेचलं त्याने असं. दुसरा कुणी असं ठेचतच नाही. धडधाकट माणूस थांबेल कशाला?”

काकांचा आवाज मोठा. जाळापाशी सगळ्यांना ऐकू गेलं. रमजानचं मुसळ हवेत राहिलं.

“बडगी हलू नये म्हणून धरायला कोण बसायचं, काका?” मी विचारलं. मला माहीत होतं उत्तर. तरी विचारलं.

“कोण म्हणजे? ओंकार शिकायला जळगावला बोर्डिंगात. घरात धन्याच होता. दोन्ही हातांनी बडगी पोटाशी धरून बसायचा लेकरू.”

मी भाऊजींकडे बघितलं. ते स्वतःचे तळहात बघत होते. मग अगदी हळू म्हणाले, “मला वाटायचं, मी केलाय तो ठेका.”

भाऊजींनी हात शर्टाला पुसले. ते उठले आणि झाडाला टेकवलेली गिटार घेतली. आवाज वाढवायच्या मशीनची वायर जोडली नाही, तशीच घेतली, आणि जाळापाशी येऊन बडगीजवळ मातीतच बसले, इस्त्रीच्या शर्टासकट. “रमजान,” ते म्हणाले, “थांबू नको.”

रमजानने मुसळ खाली आणलं. ठप, ठप. आणि भाऊजींनी तेच गाणं धरलं, माझ्या स्वयंपाकघरात पास झालेलं, मिठाशिवायचं. चाल तीच, शब्द तेच. पण ‘बस जरा, बाप्पा’ म्हणताना ते आता त्या थांब्यात यायचं, जिथे म्हातारा श्वास घ्यायला टेकायचा. बस जरा, बाप्पा, बस जरा. मांडलं आहे पान. आवाज पण त्यांचा जुना आला परत, घोगरा, जड, ओढत नेलेला. इतके दिवस मी त्या गाण्याला भरिताचं गाणं समजत होते, आणि बाप्पा म्हणजे पंगतीचा पाहुणा.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लाज कसली त्यात.

जे उभे होते ते होते तिथेच खाली बसले, पऱ्हाट्यांवर, बांधावर, चपला काढून त्यांच्यावर. दुसऱ्या कडव्याला बायका म्हणायला लागल्या. म्हणायला सोपंच होतं ते. आणि ठेका कुणाला समजावून सांगावा लागला नाही, कारण तिथल्या जुन्या माणसांनी पाच हिवाळे त्याच ठेक्याचं भरीत खाल्लेलं होतं. कारखानीस टेपरेकॉर्डर उचलून धावत आले, पायात वायर अडकून पडता पडता वाचले.

मग हे उठले. मला वाटलं, निघाले आता. हे सरळ बडगीपाशी गेले आणि रमजानपुढे हात केला. रमजानने मुसळ दिलं. ह्यांनी ते उजव्या हातात घेतलं, क्षणभर तसेच उभे राहिले, मग डाव्या हातात घेतलं आणि खाली बसले.

सुरुवातीला चुकले. बोर्डिंगात होते ना, त्यांनी तो ठेका वर्षातून एखाद्याच वेळी ऐकलेला. भाऊजींनी गिटार वाजवता वाजवता नुसती मान हलवून त्यांना थांबा दाखवला. मग जमलं. आयुष्यात पहिल्यांदा धाकटा भाऊ सांगत होता आणि थोरला ऐकत होता. रमजान जाऊन ड्रमवर बसला आणि त्याने अगदी हलक्या हाताने साथ धरली. ते गाणं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. भरिताचा पार लगदा झाला, वांग्याची तार म्हणून राहिली नाही. एरवी आमच्या भाऊबंदांनी त्यावरून वर्षभर नावं ठेवली असती. त्या दिवशी बोटं चाटून खाल्लं.

जेवणं आटोपल्यावर भाऊजी गिटार घेऊन ह्यांच्यापुढे येऊन उभे राहिले.

“दादा, लोक मध्ये उठले होते. सगळ्यांनी बघितलं. ठरल्याप्रमाणे माळ्यावर टाकतो.”

हे हात धूत होते. पंच्याला हात पुसले, नीट, एकेक बोट.

“माळ्यावर बडगी असते,” हे म्हणाले. “दोन्ही मावायच्या नाहीत.”

“मग?”

“मग काय मग. जेवलास का तू?”

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. ती कॅसेट निघाली, ‘मांडलं आहे पान’ नावाने. तीत भाऊजींनी बाकीची गाणीही पुन्हा केली, सोपीच, पण ठेका त्यांचा ठेवून. पानटपरीवाल्याने लावली आणि टपरी भरलेली राहिली. आमच्या भागात अजून भरिताला ती वाजते. कारखानीसांनी शब्द पाळला, पुढच्या कॅसेटी भाऊजींनी हव्या तशा काढल्या, आणि त्यातली एकही मला पहिल्या झटक्यात कळली नाही. रमजानचा नातू आता ड्रम शिकतो आणि आजोबांपुढे त्याच ठेक्याची कुरकुर करतो. आणि दर हिवाळ्यात भरीत ठेचतात आमचे हे, डाव्या हाताने. लोक त्यांना डावखुरे समजतात.

पण मला सांगायचंय ते त्याच वर्षीचं, कॅसेट निघाल्यानंतरचं. दाढीवाल्या पोरांपैकी एक जण आला होता आणि ओसरीवर तोंड पाडून बसला होता. म्हणे, सर सोपे झाले, विकले गेले. मी त्याला चहा दिला आणि म्हटलं, “सोपं करायला किती भाकरी करपल्या ते तुला माहीत नाही, बाबा.” तो गेला. मी स्वयंपाकघरात आले, पीठ मळून पहिली भाकरी तव्यावर टाकली, आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, हात धुऊन उठले आणि ती जुनी ‘मुंगी’ टेपरेकॉर्डरमध्ये घातली. माझ्या मर्जीने, पहिल्यांदा.

आवाज तोच. कोयता तारांवर घासत होता. पत्रा खरखरत होता. दोन टोले, थांबा, एक टोला. पण आता त्या थांब्यात मला कुणाचा तरी दम ऐकू येत होता. आणि ती विहिरीतली म्हैस, जिला मी इतकी वर्षं हसले, ती म्हैस नव्हतीच. जड झालेल्या जिभेने एक माणूस आपल्या लेकराला काहीतरी सांगायची धडपड करत होता, आणि ते लेकरू बडगी पोटाशी धरून ऐकत होतं. शब्द अजूनही निम्मे कळत नव्हते. ते कळायचे नव्हतेच.

जळका वास आला तेव्हा मी भानावर आले. भाऊजी उंबऱ्यात उभे होते, किती वेळ ते माहीत नाही. तव्याकडे बघत म्हणाले, “करपली, वहिनी. नापास?”

मी पदराने डोळे पुसले. भाकरी काढून माझ्याच ताटात टाकली.

“बसा,” मी म्हटलं, “आणि पुन्हा पहिल्यापासून लावा.”